मस्टँग जीटी: आफ्टरमार्केट मफलरमुळे केबिन घुमते, उपाय काय?

गायमुखकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही८, सेकंडहँड घेतली आहे. आधीच्या मालकाने मागचे दोन्ही मफलर (एक्झॉस्ट पायपावरचे आवाज दाबणारे डबे) काढून बाजारातले, स्टेनलेस स्टीलचे आरपार पायपाचे मफलर बसवले होते. गाडीबरोबर मूळ मफलर मिळाले नाहीत. बाकी इंजिन, मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा आणखी एक डबा), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) सगळं कंपनीचं आहे.

माजिवडा ते कासारवडवली या रोजच्या रांगेत काही त्रास नाही. जोरात ॲक्सिलरेटर दाबला तर आवाज मोठा होतो, पण तो ऐकायला मजा येते. खरा त्रास अटल सेतूवर. ९५-१०० ला क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावायचं, सहावा गिअर, टॅको (आरपीएम, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) १८०० च्या आसपास, आणि त्या क्षणापासून केबिन घुमायला लागते. हा आवाज कानात कमी आणि डोक्यात जास्त बसतो. शेजारच्या सीटवरचं बोलणं ऐकू येतं, पण दोन वाक्यांनंतर बोलायची इच्छाच राहत नाही. मुलगी मागे बसते, ती शिवडी सोडल्यावर थोड्या वेळात "बाबा, काच उघडा" म्हणते. आणि काच दोन बोटं खाली केली की घुमणं खरंच कमी होतं. वेग वाढवून सुटका शोधावी तर ११० करता येत नाही, तिथे मर्यादा १०० आहे. ८० वर आलो तर गिअर बदलतो आणि त्रास जातो. चिर्ल्याला उतरेपर्यंत बायकोचं डोकं धरलेलं असतं.

वागळे इस्टेटमधल्या एका दुकानाने डिकी आणि फ्लोअरला डॅम्पिंग शीट (पत्र्याचं कंपन दाबणारं आवरण) लावायचं कोटेशन दिलंय, रक्कम मोठी आहे. दुसरा म्हणतो महागातला मफलर घ्या. तिसरा म्हणतो सवय होईल. खर्च करण्याआधी हे नेमकं का होतंय ते समजून घ्यायचं आहे.

पामबीच_व्ही८

अभिनंदन! माझी पण जीटी आहे, पहिल्या लॉटमधली, २०१६ ची. मीही मागचे मफलर बदललेत, पण माझे चेंबरवाले, म्हणजे आत कप्पे असलेले आहेत. थोडं घुमतं, तुम्ही लिहिताय तितकं नाही. डॅम्पिंग शीटच्या नादी लागू नका एवढं आत्ताच सांगतो. मी डिकीभर लावलं, दगड उडाल्याचा आणि पावसाचा आवाज छान दबला. घुमणं जसंच्या तसं.

खाडीपूल

मला वेगळं वाटतं. व्ही८ आपण आवाजासाठी घेतो. अशा गाड्या आता मिळणं कमी होत चाललंय, फोर्डने २०२१ मध्ये इथलं गाड्यांचं उत्पादनच बंद करायचं ठरवलं. हा आवाज दहा वर्षांनी ऐकायला मिळणार नाही. सेतूवर सहावा सोडून पाचवा टाका, आरपीएम २२०० च्या वर जाईल, घुमणं संपेल. पेट्रोल थोडं जास्त जाईल, पण गाडीचा जीव मारू नका.

कानसेन

माझं काम गाड्यांच्या आवाज आणि कंपनाच्या चाचण्यांचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आठ सिलिंडर म्हणजे एका फेरीत चार स्फोट. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणून सेकंदाला १२० स्फोट. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा मुख्य सूर १२० हर्ट्झचा. मफलर काहीही लावा, हा आकडा बदलत नाही. बदलते ती त्या सुराची ताकद.

दुसरी बाजू केबिनची. बंद केबिनमधल्या हवेचे स्वतःचे ठरलेले सूर असतात. आतली उपयोगी लांबी दीड ते पावणेदोन मीटर धरली आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, तर पहिला सूर साधारण ९८ ते ११४ हर्ट्झ येतो. सीट, डिकी, मागच्या काचेचा उतार यांनी तो थोडा सरकतो. बाथरूममध्ये गाताना एखादाच सूर अचानक भरून येतो ना, तेच इथे होतंय. इंजिनचा सूर आणि केबिनचा सूर जवळ आले आहेत, आणि क्रूझवर तुम्ही इंजिनला त्याच जागी दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवताय. जोरात पळवताना टॅको त्या टापूतून सेकंदभरात पुढे जातो, म्हणून तिथे त्रास वाटत नाही.

काच उघडल्यावर कमी होतं ही तुमच्या धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ आहे. काच उघडली की बंद पेटी बंद राहत नाही आणि तिचा सूर मोडतो. म्हणजे हे मुख्यतः हवेचं घुमणं आहे, पत्र्याचं नाही. मुलीला जास्त त्रास का, तेही यातच आहे. या पहिल्या सुराचा दाब केबिनच्या टोकांना सर्वाधिक आणि मधोमध सर्वांत कमी असतो. मागच्या सीटवरचं डोकं अगदी टोकाला, काचेखाली येतं. तुम्ही स्वतः पुढे आहात म्हणून तुम्हाला तिच्यापेक्षा कमी ऐकू येतंय. त्यामुळे किती त्रास होतो ते मोजायचं असेल तर मागे बसून मोजा.

मोजताना एक फसगत टाळा. मोबाइलवरचं साधं डेसिबल ॲप बहुतेक वेळा डीबीए दाखवतं, म्हणजे खालचे सूर कमी धरणाऱ्या ए-वेटिंगने मोजलेले डेसिबल. ए-वेटिंगमध्ये १२५ हर्ट्झला १६ डेसिबल कापले जातात, १०० हर्ट्झला १९. त्यामुळे केबिन घुमत असताना ॲप "ठीक आहे" म्हणतं आणि माणसाचं डोकं दुखत असतं. सी-वेटिंग (डीबीसी) निवडा, तिथे या टापूत कपात जवळपास शून्य आहे. त्याहून बरं म्हणजे स्पेक्ट्रम (कोणता सूर किती मोठा याचा आलेख) दाखवणारं ॲप घ्या आणि कोणत्या हर्ट्झला शेंडा येतो ते बघा. ६० हर्ट्झलाही शेंडा दिसतोय का तेवढं सांगा. व्ही८ च्या एका बाजूचे चार सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत, दोन बाजूंचा गॅस मध्ये नीट मिसळला नाही तर खालचे सूरही उरतात.

आणि शीटबद्दल पामबीच बरोबर बोलतायत. ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट पत्रा थरथरायचा थांबवते. फोम आवाज शोषतो, पण १२० हर्ट्झची पाव तरंगलांबी ७० सेंमीच्या वर आहे. अर्ध्या इंचाच्या फोमला तो आवाज दिसतही नाही.

वर्तकनगरची

कानसेन, फार छान समजावलंत. एक भर. आमच्या गाडीत घुमणं समजून सगळे मफलरला दोष देत होते. निघालं वेगळंच, एक्झॉस्टची टिप बंपरच्या कटआउटला टेकत होती. थंड असताना बोटभर फट दिसायची, गरम झाल्यावर पाइप लांब होऊन टेकायचा. गाडी चालवून आल्याआल्या बघा, हात न लावता.

आर्गॉनवाला

रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, एक्झॉस्टची कामं बरीच येतात. दादा, शॉपिंगच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या.

पाइप गाडीखाली टांगणारे रबरचे हँगर बघा. पुष्कळदा आफ्टरमार्केट किटबरोबर कडक पॉलियुरेथेनचे हँगर येतात, ते थरथर थेट बॉडीला देतात. मऊ रबर लावा. फ्लँजचं (पायपाच्या जोडाचं) गॅस्केट फुंकतंय का बघा, काळा डाग पडलेला दिसतो. हीट शील्डला (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला) बोटाने टकटक करा, सैल आहे का कळतं.

मग मफलर. आरपार म्हणजे मधून भोकांची नळी आणि भोवती ग्लास वूल किंवा स्टील वूल. हा माल वरचा, चिरका आवाज खातो. खालचा जाड आवाज सरळ बाहेर जातो. शिवाय गरम गॅस त्या वूलला हळूहळू उडवतो, मग मफलर आतून रिकामा डबा होतो. पहारीने ठोकून बघितलं तर कळतं, भरलेला मफलर बद्द वाजतो, रिकामा टण्ण. कंपनीच्या मफलरमध्ये कप्पे असतात, गॅस एका कप्प्यातून दुसऱ्यात वळतो, आवाजाची लाट उलटी फिरून स्वतःलाच मारते. ते कप्पे त्या इंजिनच्या सुराला मोजून केलेले असतात. म्हणून कंपनीचा मफलर जड असतो.

तुमचा सूर एकच ठिकाणी अडकलाय, तर जे-पाइपने बसू शकतो. मेन पायपातून एक फांदी काढायची, टोक बंद. लाट आत जाते, आपटून परत येते, तोवर अर्धा हेलकावा झालेला असतो, मग मेन पायपातल्या लाटेच्या बरोब्बर उलटी पडते. लांबी सुराच्या पाव तरंगाएवढी लागते.

गायमुखकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या बाजूचा मागचा हँगर चिरला होता, बदलला. पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेताना जो खडखडाट यायचा तो गेला. टिप कुठेही टेकत नाही. गॅस्केट ठीक.

मग मेहुण्याला चालवायला बसवून मी मागे बसलो. कानसेन, तुम्ही म्हणालात तसंच. १८०० ला स्पेक्ट्रमवर १२० च्या जागी सुळक्यासारखा शेंडा, आजूबाजूला काही नाही. आरपीएम वाढवला की शेंडा उजवीकडे सरकतो आणि बुटका होतो. १७०० ते १९०० च्या बाहेर तो जाणवत नाही. ६० ला नावापुरता आहे. डीबीए आणि डीबीसी दोन्ही लावून बघितले, फरक बघून थक्क झालो. मागे बसून पहिल्यांदा कळलं की ती काय सहन करत होती.

मूळ मफलर शोधतोय, कुठे नवे मिळतील असं दिसत नाही. तोवर जे-पाइप करून बघायचा आहे. आर्गॉनवाला, लांबी कशी काढायची?

कानसेन

लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले चार गुणिले हर्ट्झ. घोळ वेगात आहे, कारण गरम गॅसमध्ये ध्वनी जोरात पळतो. २० अंशाच्या हवेत ३४३, म्हणून सुमारे ७२ सेंमी. गॅस २०० अंशाचा धरला तर वेग ४३५ च्या आसपास, लांबी ९१. फांदीतून प्रवाह जात नसतो, त्यामुळे तिथला गॅस मुख्य पायपापेक्षा थंड असतो. उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी येणार. ते गाडीवरच शोधावं लागतं.

आर्गॉनवाला

तेच. म्हणून आम्ही आधी पक्कं वेल्डिंग करत नाही. एकात एक सरकणारे दोन पाइप घेतो, टोकाला झाकण, वर क्लँप. दोन्ही बाजूंना एकेक. गाडी आणा.

कोर्टनाका

थोडी कायद्याची बाजू, कारण ती कुणीच काढली नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) प्रमाणे मालकाने नियमबाह्य बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि बदल दुसऱ्याने केलेला असला तरी आवाजाचं मानक मोडणारी गाडी जो चालवतो त्याला कलम १९० (२) लागतं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. "असाच घेतला होता" हे नाक्यावर ऐकलं जाणार नाही. जे-पाइप हाही बदलच आहे. गायमुखकरांनी मूळ मफलरचा शोध सोडू नये.

पोडियमवरची

मी गाडीवाली नाही, घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये पोडियम पार्किंगच्या (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगच्या) वर तिसऱ्या मजल्यावर राहते. धागा सुरुवातीपासून वाचतेय. तुम्ही सगळे केबिनच्या आतलं बोलताय. आमच्याकडेही एक अशीच गाडी आहे. सकाळी साडेपाचला ती सुरू होते तेव्हा खिडकीचं तावदान वाजतं. सासूबाई रात्रभर नीट झोपत नाहीत, पहाटे डोळा लागतो आणि तेवढ्यात हे. गाडीवाला चांगला माणूस आहे, भेटला की विचारपूस करतो. त्याला बिचाऱ्याला माहीतच नसेल, कारण तेव्हा तो आत बसलेला असतो. गायमुखकर, तुमची केबिन शांत झाली तरी खालचा मजला शांत होणार का?

कानसेन

ताई, नाही होणार. थंड इंजिन सुरू झालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ते मुद्दाम जास्त आरपीएमवर फिरतं. त्यात पोडियमचा स्लॅब, चारी बाजूंनी काँक्रीट. जे-पाइप १२० हर्ट्झला मोजलेला असेल, त्या वेळचा सूर वेगळा असतो. गॅस थंड, म्हणून पायपाचं गणितही चुकतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागाची मर्यादा ४५ डीबीए आहे. साडेपाच त्यात येतं.

खाडीपूल

ताईंचा प्रतिसाद वाचून थांबलो. व्ही८ चा आवाज मला आजही हवाय, पण तो खोपोलीच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर. पहाटे पोडियममध्ये तो कुणावर लादायचा हक्क आपल्याला नाही. माझी गाडी मी उद्यापासून ढकलत का होईना, गेटच्या बाहेर काढून सुरू करेन.

गायमुखकर

जे-पाइपची चाचणी झाली, लिहितो.

रविवारी सकाळी रबाळ्याला पोचलो. आर्गॉनवाल्यांनी आदल्या दिवशीच ३०४ स्टेनलेसचे पाइप कापून ठेवले होते. फांद्या मफलरच्या पुढे, मुख्य पायपाला समांतर बसवल्या, म्हणजे स्पीडब्रेकरला खाली लागणार नाही. एक गोष्ट त्यांनी आग्रहाने केली: बंद टोक किंचित वर ठेवलं. नाहीतर एक्झॉस्टमधलं पाणी फांदीत साचतं, आणि लांबी आपोआप कमी होते. मार्करने पायपावर दर सेंटीमीटरला रेघा मारल्या.

चाचणी ठाणे-बेलापूर रोडला. सूर आरपीएमशी बांधलेला, म्हणून १०० ची गरज नव्हती, पाचव्या गिअरला १८०० म्हणजे ८० च्या जरा आत. ७४ ला फरक नाही. ७८ ला शेंडा खाली यायला लागला. प्रत्येक वेळी आत यायचं, हातमोजे घालून क्लँप ढिला करायचा, झाकण सरकवायचं, परत जायचं. ८४ ला शेंडा जवळपास आडवा झाला. ८८ ला पुन्हा वर. ८४ वर परत आणून क्लँप आवळला आणि संध्याकाळी सेतूवरून मुलीला घेऊन गेलो. तिने काच उघडायला सांगितली नाही. अर्ध्यात झोपली.

केबिनचा प्रश्न सुटला हे निःसंशय. पण पोडियमवरच्या ताईंचं वाक्य डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनला गाडी सुरू करायला लावून मी स्वतः लॉबीत जाऊन उभा राहिलो. काचेचा दरवाजा थरथरत होता. त्यामुळे फांद्यांना पक्कं वेल्डिंग करायचं नाही असं ठरवलंय. मूळ मफलर कुणाकडे पडले असतील तर कृपया सांगा, योग्य ती किंमत देईन.

पामबीच_व्ही८

माझे मूळ मफलर माळ्यावर गोणपाटात बांधून आहेत. तुमचा धागा वाचून काल उतरवले. डाव्याच्या बुडाला थोडा गंज आहे, भोक नाही. वाशीला या आणि घेऊन जा. मला आता परत लावायचे नाहीत असं म्हणणार होतो, पण कोर्टनाकांनी लिहिलेलं वाचल्यापासून विचार बदलतोय. तरी तुमची गरज मोठी आहे, मागे लेकरू बसतं. माझ्यासाठी मी दुसरी जोडी शोधतो.

गायमुखकर

पामबीच, तुमचे उपकार कसे फेडू! जोडी काल बसवली. बाजारातले मफलर एका हाताने उचलले होते, मूळ उचलायला दोघं लागलो. गंज घासून उष्णता सहन करणारा रंग मारला. जे-पाइप काढून जुने पाइप परत जोडले.

सेतूवर १०० ला आता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. १२० ला शेंडा आहे, पण बारीक. जोरात पळवली तर व्ही८ अजूनही व्ही८ च आहे, खाडीपूल, काळजी नसावी. लॉबीचा दरवाजा हलत नाही. दुसऱ्या जोडीच्या शोधात मी पामबीचबरोबर आहे. कुणाला माहिती असेल तर इथेच लिहा.

खारघर_सरळसहा

उशिरा आलो. माझ्याकडे सहा सिलिंडरची टू-सीटर आहे, आयात केलेली, तिचा मूळ मफलर गंजून संपला आणि नवा मागवायला महिनोनमहिने लागणार. सध्या आरपार मफलर आहे, सायन-पनवेल हायवेला २४०० ला घुमते. ८४ सेंमीचा पाइप मला चालेल का?

कानसेन

सूर तोच निघतो. सहा सिलिंडर म्हणजे फेरीला तीन स्फोट, २४०० म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, पुन्हा १२० हर्ट्झ. पण ८४ हा आकडा त्या गाडीच्या त्या जागेच्या तापमानाचा आहे. तुमची फांदी इंजिनच्या जवळ आली तर गॅस जास्त गरम आणि लांबी जास्त लागेल, मागे गेली तर कमी. ७२ ते ९५ सरकवता येईल असा पाइप करून घ्या. आधी काच उघडून बघा, फरक पडत नसेल तर पाइप करूच नका, हँगर बघा. मूळ मफलरची ऑर्डर मात्र आजच द्या.

आर्गॉनवाला

जुना मफलर भंगारात दिला नसेल तर घेऊन या. बाहेरचा पत्रा गेला असेल पण आतले कप्पे शाबूत असतात कधीकधी. कापून बघतो, नवीन पत्रा चढवता आला तर पाइपची गरजच नाही. गुरुवारी सुट्टी असते, बाकी कधीही या.